इंग्रजी क्रियापदाचे वचन आणि आपण

वसंत व्याख्यानमालेचे दिवस म्हणजे आपल्या खानदेशात उन्हाळ्याचे ऐन दिवस. दिवसभर उन्हाने भाजून निघालेली मंडळी संध्याकाळी सतरंजीवर येऊन बसतात, ती चार सुखाचे आणि जमल्यास दोन ज्ञानाचे शब्द कानी पडावेत म्हणून. अशा मंडळींपुढे इंग्रजी व्याकरणातील एकवचन-अनेकवचनाचा विषय मांडणे म्हणजे तहानलेल्याला फुटाणे देण्यासारखे आहे, असे आमच्या एका स्नेह्याचे मत पडले. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. तरीही हा विषय आम्ही हट्टाने घेतला. त्याचे कारण एका जुन्या वहीत आहे, आणि ते आधी सांगितलेले बरे.

आम्ही धुळ्याजवळच्या एका खेड्यातून शाळेत जात होतो. इंग्रजी नुकतेच सुरू झाले होते. 'माझे घर' या विषयावर पाच-सहा ओळी लिहून आणायच्या होत्या. आम्ही मोठ्या निष्ठेने लिहिले, "माय फादर आर अ फार्मर. दे गो टू द फील्ड. माय मदर इज अ गुड वुमन. शी गोज टू द फील्ड." मास्तरांनी वही वर धरून वर्गाला वाचून दाखविली आणि विचारले, "काय रे, तुला बाप किती?" वर्ग हसला. त्या प्रश्नाला उत्तर देण्यासारखे आमच्यापाशी काही नव्हते. पुढे वर्षभर इंग्रजीच्या तासाला आम्ही हात वर केला नाही.

कित्येक वर्षांनी, व्याकरणाची चार पुस्तके वाचून झाल्यावर, त्या चार ओळी पुन्हा आठवल्या आणि एक गोष्ट ध्यानात आली. आईविषयीची दोन्ही वाक्ये निर्दोष होती, वडिलांविषयीची दोन्ही चुकली होती. एकाच मुलाने, एकाच बैठकीत, एकच नियम दोनदा पाळला आणि दोनदा मोडला. हा निष्काळजीपणा म्हणावा काय? निष्काळजीपणाला इतकी शिस्त नसते. त्या चुकीमागे काही नियम असला पाहिजे. तो शोधणे हाच आजच्या बोलण्याचा हेतू आहे.

मेळ म्हणजे काय

वाक्यात कर्ता आणि क्रियापद यांचे काही नाते असते. कर्ता बदलला की क्रियापद आपले रूप बदलते. 'मुलगा जातो', 'मुलगी जाते', 'मुले जातात'. यास आपण मेळ म्हणू. मराठीत हा मेळ लिंग, वचन आणि पुरुष या तिन्हींचा असतो. इंग्रजीत क्रियापदाला लिंगाची दखलच नाही, आणि वचन-पुरुषाची दखलही फार थोडी. 'आय गो, यू गो, वी गो, दे गो' हे सगळे सारखेच. केवळ तृतीय पुरुषी एकवचनात, तेही वर्तमानकाळात, शेवटी एक 'स' अथवा 'झ' लागतो: 'ही गोज, शी गोज'. भूतकाळात तोही नाही. 'ही वेंट, दे वेंट'. फक्त 'असणे' या क्रियापदाने 'अॅम, इज, आर, वॉज, वेअर' अशी रूपे जपून ठेवली आहेत, आणि 'हॅव'चे 'हॅज' होते. इंग्रजीतला मेळाचा संसार तो एवढाच.

मग एवढ्याशा नियमाला आपली मुले इतकी का अडखळतात? पहिली अडचण अशी की हा 'स' दोन घरचा पाहुणा आहे. नामाला लागला तर तो अनेकवचन करतो, क्रियापदाला लागला तर एकवचन दाखवितो. 'बॉय प्लेज', पण 'बॉइज प्ले'. एकीकडे 'स' आला की दुसरीकडून गेला, असा हा खेळ मुलाला उलटा वाटतो आणि त्यात त्याचा दोष नाही.

दुसरी अडचण मराठीच्या प्रयोगांची आहे. मराठीत क्रियापद नेहमीच कर्त्याच्या मागे जात नाही. 'वडिलांनी कापूस विकला, वडिलांनी केळी विकली, वडिलांनी हरभरे विकले', येथे कर्ता एकच असून क्रियापद तीनदा बदलले, कारण ते कर्माकडे पाहते. हाच कर्मणी प्रयोग. 'रामाने रावणाला मारले' यात ते कोणाकडेच पाहत नाही. हा भावे प्रयोग. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले आणि मोरो केशव दामल्यांनी 1911 साली 'शास्त्रीय मराठी व्याकरण' दिले. या प्रयोगांचा ऊहापोह आपल्या व्याकरणकारांनी पुष्कळ केला आहे. त्यांच्या भाषेत सांगायचे तर साधी इंग्रजी वाक्ये म्हणजे सदासर्वकाळ कर्तरी प्रयोग. वडील कापूस विकोत की हरभरे, 'फादर सोल्ड' हे अढळ.

या फरकातून एक फार परिचयाची चूक निघते: 'ही हॅव टू ब्रदर्स'. याचे मूळ आमच्या मते 'त्याला दोन भाऊ आहेत' या वाक्यात आहे. मराठीत येथे क्रियापदाचा मेळ भावांशी बसतो. भाऊ दोन, म्हणून 'आहेत'. इंग्रजीने मात्र भावांना कर्म केले आणि 'तो' कर्ता झाला. तो एकटा, म्हणून 'हॅज'. मुलाने मोजणी बरोबर केली होती. मोजले मात्र भलत्याला.

आदराचे अनेकवचन

आता आमच्या वहीकडे येऊ. 'माझे वडील शेतकरी आहेत. ते शेतात जातात.' या मराठी वाक्यांतील प्रत्येक शब्द अनेकवचनी आहे: माझे, आहेत, ते, जातात. आणि 'माझी आई चांगली आहे. ती शेतात जाते,' यात प्रत्येक शब्द एकवचनी. मराठी मन वडिलांना अनेकवचनात ठेवते आणि आईला एकवचनात. 'बाबा आले, आई आली.' 'आजोबा आले, आजी आली.' पण शाळेतल्या 'बाई आल्या', आणि 'सासूबाई आल्या'. देव मात्र सर्वांत मोठा असून एकवचनी: 'विठोबा विटेवर उभा आहे.' तेव्हा आपल्या भाषेत वचन केवळ संख्या सांगत नाही, ते अंतर सांगते. कोण किती जवळचा आणि कोणापुढे किती अदबीने उभे राहावयाचे, हेही क्रियापदातून कळते. आमच्या वहीतील 'फादर आर' मध्ये वडील दोन नव्हते, आदर दुप्पट होता.

इंग्रजांना ही गोष्ट परकी आहे काय? मुळीच नाही. इंग्रजीत पूर्वी 'तू'ला 'दाउ' हा शब्द होता आणि 'यू' हा केवळ अनेकांसाठी होता. तेराव्या शतकापासून थोरामोठ्यांना आदराने 'यू' म्हणण्याची रीत रुळत गेली. पुढे ती इतकी पसरली की सतराव्या शतकात 'दाउ' सामान्य व्यवहारातून मागे पडला. प्रार्थनेत, काव्यात, काही बोलींत आणि क्वेकर पंथीयांच्या बोलण्यात तेवढा तो उरला. तेव्हा आज इंग्रज आपल्या कुत्र्यालाही 'यू आर अ गुड डॉग' म्हणतो, त्यात 'आर' आहे तो त्या जुन्या आदरार्थी अनेकवचनाचा अवशेष. मधल्या काळात लोकांनी एकाच माणसाशी बोलताना 'यू वॉज' असे म्हणून पाहिले. तर्काला ते धरूनच होते. पण 1762 साली रॉबर्ट लौथ या बिशपने आपल्या इंग्रजी व्याकरणात त्याला दोष दिला, आणि शिष्ट भाषेत 'यू आर', 'यू वेअर' हेच राहिले.

इंग्रज राजा स्वतःस 'वी' म्हणवीत असे, आणि संपादकही म्हणवितात. प्रस्तुत वक्ता मघापासून 'आम्ही, आम्ही' करीत आहे, आणि व्यासपीठावर तर तो एकटाच उभा आहे. इंग्रजीतही त्याला 'वी आर' असेच म्हणावे लागेल, 'वी इज' चालणार नाही. अर्थ एक असो, रूप अनेकवचनी म्हणून क्रियापद अनेकवचनी. फरक एवढाच की इंग्रजीने हा आदर बोलणाऱ्यापुरता आणि ऐकणाऱ्यापुरता ठेवला. ज्याच्याविषयी बोलावयाचे तो बाप असो, राजा असो की राष्ट्राध्यक्ष असो, तेथे 'ही इज'. मराठी मुलाला नियम सांगावयाचा तो याच शब्दांत सांगावा: इंग्रजीत तिसऱ्या माणसाला आदराचे अनेकवचन नाही.

केळ्यांचा भाव

जळगावच्या श्रोत्यांसाठी आता केळ्यांचे उदाहरण घेऊ. 'केळ्यांचा भाव वाढला आहे.' इंग्रजीत, 'द प्राइस ऑफ बनानाज हॅज गॉन अप.' पुष्कळ जण येथे 'हॅव' लिहितात. का? मराठी वाक्यात 'भाव' हा शब्द क्रियापदाच्या अगदी शेजारी बसला आहे. केळी मागे राहिली. शिवाय 'केळ्यांचा' यातला 'चा' स्पष्ट सांगतो की पुढे येणारे नाम एकवचनी पुल्लिंगी आहे. इंग्रजीत मालक पुढे आणि शेपूट मागे. 'प्राइस' आधी आली, मग 'ऑफ बनानाज' हे शेपूट आले, आणि क्रियापद शेपटाला चिकटून उभे राहिले. कानात 'बनानाज'चा 'झ' घुमत असताना हात आपोआप 'हॅव' लिहितो.

ही ओढ केवळ आपल्याच मुलांना लागते असे नव्हे. कॅथरिन बॉक आणि कॅरल मिलर या अमेरिकन अभ्यासिकांनी 1991 साली याचे प्रयोग प्रसिद्ध केले. 'कपाटांची किल्ली' अशा धर्तीचे इंग्रजी तुकडे देऊन लोकांकडून वाक्ये पुरी करून घेतली, तेव्हा जन्माने इंग्रजी बोलणारी माणसेही मधल्या अनेकवचनाला फसून अधूनमधून अनेकवचनी क्रियापद लावीत होती. उलट बाजूची चूक, म्हणजे मुख्य नाम अनेकवचनी आणि मधले एकवचनी असताना फसणे, त्या मानाने फार थोडी होती. ज्यांची मातृभाषा ती, त्यांचीही जीभ घसरते, मग आपल्या मुलाने काय घोडे मारले?

यावर उपाय आपल्याच भाषेत आहे. इंग्रजी वाक्प्रयोगाचे मनात मराठी करावे आणि 'चा-ची-चे' कोठे येतो ते पाहावे. 'अ लिस्ट ऑफ नेम्स' म्हणजे 'नावांची यादी'. 'ची' सांगते की यादी एकच, म्हणून 'इज'. 'द नंबर ऑफ पीपल' म्हणजे 'लोकांची संख्या', म्हणून 'इज'. पण 'अ नंबर ऑफ पीपल' म्हणजे 'कितीतरी लोक'. येथे 'ची' उरलाच नाही, लोकच कर्ता झाले, म्हणून 'आर'. तसेच 'अ लॉट ऑफ बनानाज' म्हणजे 'पुष्कळ केळी', म्हणून 'आर'. 'वन ऑफ माय फ्रेंड्स' म्हणजे 'माझ्या मित्रांपैकी एक'. मित्र अनेक म्हणून 'फ्रेंड्स', पण कर्ता तो एक, म्हणून 'इज'. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर ज्या पिढ्या वाढल्या, त्यांना ही दोन्ही भाषा शेजारी ठेवून पाहण्याची सवय होती. ती सवय वाईट नव्हती.

एक की अनेक?

येथपर्यंत मोजणी सोपी होती. आता जेथे वस्तू एक की अनेक हेच ठरवावे लागते, अशा प्रदेशात शिरू.

'वरणबट्टी झाली का?' असे आपण विचारतो. वरण वेगळे, बट्ट्या वेगळ्या आणि त्याही पाच-सात, तरी पान एक म्हणून क्रियापद एकवचनी. 'भरीत-पुरी' आणि 'भाजी-भाकरी' यांचेही तसेच. इंग्रजही 'ब्रेड अँड बटर इज' म्हणतो. जोडीने एक पदार्थ झाला की 'अँड' असूनही एकवचन. पण 'बाजरी आणि कापूस' ही दोन पिके म्हणून मोजली की 'आर'.

'हंड्रेड रुपीज इज इनफ' असे इंग्रजीत म्हणतात. रुपये शंभर, पण रक्कम एक. 'टेन माइल्स इज अ लाँग वॉक', मैल दहा, चाल एक. मराठीत आपण 'शंभर रुपये पुरेसे आहेत' म्हणून अनेकवचन राखतो. येथे इंग्रजी अर्थाच्या मागे गेली, मराठी रूपाच्या मागे राहिली.

धान्याच्या बाजारात गेलो तर भाषांच्या मापांतला फरक आणखी दिसतो. आपले तांदूळ महाग होतात, इंग्रजांचा 'राइस' एकवचनात महाग होतो. आपली ज्वारी आणि डाळ एकवचनी. इंग्रजीत 'व्हीट इज', पण 'ओट्स आर'. दोन्ही धान्येच, आणि दाणे दोन्हींचेही असंख्य! आपले केस पांढरे होतात, त्यांचा 'हेअर' पांढरा होतो. उलट आपली कात्री एक, चष्मा एक, विजार एक, त्यांच्या 'सीझर्स', 'स्पेक्टॅकल्स', 'ट्राउझर्स' मात्र दोन पात्यांच्या, दोन भिंगांच्या आणि दोन पायांच्या म्हणून नित्य अनेकवचनी. 'न्यूज' आणि 'मॅथेमॅटिक्स' यांच्या शेवटी 'स' आहे म्हणून फसू नये, ती एकवचनी. 'पीपल' आणि 'पोलीस' यांना 'स' नाही म्हणूनही फसू नये, ती अनेकवचनी. हे पाठच करावे लागते. यात तर्क शोधत बसण्यात अर्थ नाही.

राहिली समूहवाचक नामे. 'कमिटी इज' की 'कमिटी आर'? ब्रिटनमध्ये दोन्ही चालतात. समिती एक संस्था म्हणून बोलली तर 'इज', सभासद आपापसांत भांडत असले तर 'आर'. अमेरिकेत बहुधा 'इज'. रेडिओवर क्रिकेटचे इंग्रजी धावते वर्णन ऐकणाऱ्यांनी 'इंडिया आर' हे शब्द पुष्कळदा ऐकले असतील. तेथे इंडिया म्हणजे अकरा खेळाडू. आपल्याकडे याचे जिवंत उदाहरण म्हणजे 'मंडळी'. 'मंडळी जमली आहे' असेही आपण म्हणतो आणि 'मंडळी जमली आहेत' असेही. पहिल्यात सभा दिसते, दुसऱ्यात माणसे दिसतात. आम्हीही आरंभी दुसरेच रूप वापरले, कारण आम्हांस समोर चेहरे दिसत होते.

देशाच्या नावालाही हा प्रश्न पडतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांना पूर्वी पुष्कळदा अनेकवचन लावीत. गुलामगिरी बंद करणाऱ्या 1865 सालच्या तेराव्या घटनादुरुस्तीत त्या देशाविषयी 'त्यांच्या अधिकाराखालील' अशा अर्थाचे अनेकवचनी सर्वनाम आहे. पुढे हळूहळू 'युनायटेड स्टेट्स इज' हे रूढ झाले. देश एक असल्याची भावना क्रियापदात उतरली, असे म्हणता येईल. आपल्या बाबतीत उलट पाहा. 1906 साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पुढे ते जळगाव आणि धुळे या नावांनी ओळखले जाऊ लागले. 1998 साली धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. एकाचे तीन झाले, तरी 'खानदेश तापला आहे' हे वाक्य अद्याप एकवचनीच आहे.

बोलीची साक्ष

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आमच्या वहीतील वाक्ये मराठीवरून उतरली होती खरी, पण ती मराठी कोणाची? आमच्या घरात 'माझे वडील शेतकरी आहेत, ते शेतात जातात' असे कोणी म्हणतच नसे. घरची भाषा अहिराणी. घरी आम्ही म्हणत असू, "मन्हा बाप शेतकरी शे. तो वावरमा जास." बाप एक, म्हणून 'शे'. तो एक, म्हणून 'जास'. अनेक असते तर 'शेतस' आणि 'जातस' झाले असते: 'पोरे शायमा जातस.' गावागणिक उच्चार थोडा बदलेल, पण घडण ही अशी.

ही घडण इंग्रजीशेजारी ठेवून पाहा. 'तो शे, त्या शेतस'. 'ही इज, दे आर'. 'तो जास, त्या जातस'. 'ही गोज, दे गो'. अहिराणीच्या या वर्तमानकाळात पुरुष आणि स्त्री असा भेद नाही. 'तो जास' तशीच 'ती जास'. इंग्रजीतही नाही. म्हणजे प्रमाण मराठीतील लिंगभेदाचे ओझे येथे नाही, आणि घरात बापाबद्दल बोलताना आम्ही आदराचे अनेकवचनही आणीत नव्हतो. आम्ही घरच्या भाषेवरून भाषांतर केले असते, तर 'माय फादर इज अ फार्मर, ही गोज टू द फील्ड' हेच बरोबर वाक्य उतरले असते. पण शाळेत घरची भाषा बोलणे गावंढळपणाचे मानले जाई, म्हणून आम्ही आधी तिला पुस्तकी मराठीत घातले, आणि मग त्या मराठीला इंग्रजीत. चूक झाली ती मधल्या पायरीवर झाली. ज्या भाषेची आम्हांस लाज वाटत होती, तीच येथे आमच्या उपयोगी पडली असती.

ग्रियर्सनच्या संपादनाखाली झालेल्या भारतीय भाषांच्या पाहणीत, 1907 साली निघालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, खानदेशीची नोंद भिल्ली भाषांच्या सोबत, मराठीच्या खंडाबाहेर झाली. ती भाषा की बोली, आणि कोणाची जवळची, या वादात आज शिरण्याचे कारण नाही. तिला स्वतःचे व्याकरण आहे, हे मात्र त्या नोंदीवरून पक्के कळते. धुळ्याला 1927 साली राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले ते ज्यांच्या स्मरणार्थ, त्या इतिहासाचार्य राजवाड्यांनी 1909 साली ज्ञानेश्वरीतील मराठीचे व्याकरण लिहिले. जुन्या शब्दरूपाकडे चूक म्हणून न पाहता पुरावा म्हणून पाहावे, ही दृष्टी त्यांच्या कामातून शिकावी. 1952 साली अमळनेरला मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्षही भाषेचे अभ्यासक होते, कृ. पां. कुलकर्णी. आणि त्याच साली 'बहिणाबाईंची गाणी' हा संग्रह निघाला. असोद्याच्या, अक्षरओळख नसलेल्या त्या बाईंच्या बोलीने अवघा महाराष्ट्र थक्क झाला. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे.

आणि ज्या इंग्रजी 'स'पायी आमची वही वर्गात वाचली गेली, त्याचे कुळ तरी काय? तो 'स' मूळचा लंडनचा नाही. दक्षिणेकडील इंग्रजीत 'ही गोएथ' असे रूप चालत असे. 1611 साली छापलेल्या बायबलमध्ये तेच आहे. 'स'चे रूप इंग्लंडच्या उत्तरेकडील बोलीतले. दहाव्या शतकातील उत्तरेकडच्या लिखाणात ते दिसते. पुढे ते दक्षिणेकडे सरकत गेले. शेक्सपिअरच्या काळी दोन्ही रूपे चालत होती, आणि अखेर उत्तरेच्या बोलीने बाजी मारली. 'दे' हे सर्वनामही असेच, उत्तरेकडे येऊन वसलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांकडून आलेले. उलट नॉरफोकच्या खेडुतांच्या बोलीत 'ही गो' असे 'स'विना रूप आढळते. आपल्या मुलाने ते लिहिले तर तांबडी रेघ, आणि नॉरफोकचा शेतकरी ते आपल्या आजाकडून शिकला! तेव्हा शुद्ध म्हणून जे आपण पाठ करतो, ते केव्हातरी कोणाच्या तरी वावरातले बोलणे होते.

तीन प्रश्न

याचा अर्थ नियम सोडून द्यावा असा नाही. अर्ज लिहावयाचा, परीक्षा द्यावयाची, परगावच्या माणसाशी व्यवहार करावयाचा, तर प्रमाण रूप आलेच पाहिजे. त्यासाठी मुलाने क्रियापद लिहिण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. मुख्य नाम कोणते? ते 'चा-ची-चे' लावून शोधावे. ते नाम इंग्रजीत एक मानतात की अनेक? येथे मराठीवर विसंबू नये, तांदूळ आणि कात्री आठवावीत. आणि तिसरा, मी आदराने तर अनेकवचन लिहीत नाही ना? वडील, गुरुजी, डॉक्टर, पंतप्रधान हे शब्द आले की हा प्रश्न अवश्य विचारावा. बहुतेक चुका या तीन प्रश्नांच्या चाळणीत अडकतात.

श्रोत्यांत शिक्षक पुष्कळ असतील. त्यांना एक विनंती करून थांबतो. 'माय फादर आर' असे वाक्य पुढे आले, तर मुलाला विचारावे, "हे तू घरी कसे म्हणतोस?" तो अहिराणीत सांगेल, लेवा बोलीत सांगेल, भिलोरीत सांगेल, पावरीत सांगेल. त्याला ते मोठ्याने सांगू द्यावे, फळ्यावर लिहावे, शेजारी मराठी लिहावे, शेजारी इंग्रजी. कोणत्या भाषेत बाप एकवचनात आहे आणि कोणत्या भाषेत अनेकवचनात, ते सगळा वर्ग मिळून पाहील. याला पाच मिनिटे लागतात. आमच्या वहीवर लाल शाईने 'आर' खोडून 'इज' केले होते. तेवढे बरोबरच होते. फक्त तेव्हा आम्हांस तो एक प्रश्न कोणी विचारला नाही.